चौऱ्याहत्तर लिटर प्यायलेला मका

तीर्थस्वरूप आत्यास,

संतापानं अक्षर हललं असलं तरी मनापासून केलेला साष्टांग नमस्कार.

तुझा खोकला कसा आहे? आतोबांची कवळी बसली का? आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे घरातले बरे आहेत. मी रोज ऑफिसातून डोकं फिरवूनच येतो. तुझ्या मक्याला पुढच्या हंगामात पाटाचं पाणी बंद, अशी नोटीस तुला आली असेल. ती ज्या टेबलावर टाइप झाली त्याच्या शेजारच्या टेबलावर मी बसतो, आणि मला विचारायची तसदी कुणी घेतली नाही! आता सविस्तर ऐक, म्हणजे चूक कुणाची ते तुझं तूच ठरव.

आमच्याकडे व्याख्या समिती बसली. पिकाला दिलेलं पाणी वेगळं, लागणारं वेगळं आणि पिकानं खरोखर वापरलेलं वेगळं, एवढी साधी गोष्ट (जी तू हातातलं खुरपं खाली न ठेवता सांगशील) ठरवायला सात शहाण्यांना तीन दिवस लागले. पहिला दिवस 'पीक' म्हणजे काय यात गेला. दुसऱ्या दिवशी पानावरचं दव 'दिलेलं' धरायचं की नाही, यावरून दोघे हमरीतुमरीवर आले. एका सदस्यांना आम्ही दुरुस्तीकाका म्हणतो, कारण कुणी 'चहा आणा' म्हणालं तरी ते दुरुस्ती सुचवतात. त्यांनी तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत मंजूर करून घेतलं, की टाकीच्या वजनात होईल ती घट म्हणजे पिकाचा पाणीवापर. झालं! सगळे जेवायला पळाले. वजन वाढलं तर काय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

टाकी म्हणजे आमच्या ऑफिसमागच्या शेतात जमिनीच्या पातळीत पुरलेली, मातीनं भरलेली एक पेटी. खाली वजनकाटा, वर मका. पाणी उडून गेलं की वजन उतरतं आणि यंत्र दर मिनिटाला आकडा लिहितं. वरून पाहिलं तर टाकीत आणि शेजारच्या शेतात काडीचा फरक दिसत नाही. (तिथं पाटी लावा म्हणून मी चार वर्षं बोंबलतोय. पाटीच्या रंगासाठी वेगळी समिती आहे.) तर गेल्या महिन्यात एके सकाळी टाकीचं वजन एकाएकी चौऱ्याहत्तर किलोनं वाढलं, वीस मिनिटं तसंच राहिलं आणि झटक्यात उतरलं. शेंबड्या पोरालाही कळेल की तिथं कुणीतरी उभं होतं. पण तक्त्यात वाढीला रकानाच नाही, घटीला आहे! म्हणून मक्यानं एका मिनिटात चौऱ्याहत्तर लिटर पाणी ढोसलं अशी नोंद झाली आणि तो बिचारा अतितहानलेल्या, म्हणजे पाटाचं पाणी तोडायच्या पिकांच्या यादीत जाऊन बसला. मी तावातावानं साहेबांच्या खोलीत गेलो. अहो, हत्तीसुद्धा जरा दमानं पितो, असं तोंडावर सांगितलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "माणूस उभा होता ना? मग ते चौऱ्याहत्तर किलो सोमवारी समितीपुढे हजर करा. नाहीतर नोंद कायम." याला काय म्हणावं! चुका यांनी करायच्या आणि पुरावे आम्ही गोळा करत फिरायचं.

मोठ्यांच्या पाया पडतो, लहानांचे कान ओढतो.

तुझा संतापलेला भाचा

ता. क. त्या सकाळी तू मला स्वेटर द्यायला आली होतीस. मी बैठकीत अडकलो होतो, तेवढ्यात 'केवढं हे तण, लाजा नाहीत मेल्यांना' म्हणत तू कुठे शिरलीस आणि किती वेळ खुरपत होतीस, ते पहारेकऱ्यानं मला सांगितलं आहे. (उपटलेलं तण पाव किलो भरलं. ते तुझ्यावर धरलेलं नाही.)

दुसरा ता. क. मी तुझं नाव घेतलेलं नाही. पण सोमवारी दहाला ये आणि सात जणांदेखत टाकीत उभी राहा. तू सगळ्यांना वजन बासष्ट सांगतेस, मला ठाऊक आहे. बासष्टवर पाणी सुटणार नाही.

तिसरा ता. क. पाकीट बंद करणार तोच आतेबहिणीचा फोन आला. महिन्याभरात तू गोड सोडलंस, रोज पहाटे चालतेस आणि चांगले सहा किलो उतरलेत म्हणे. आत्या, काय केलंस हे! चालणं आजपासून बंद. आणि सोमवारी येताना पिशवीत सहा किलोचं काहीतरी भरून आण. हातातली पिशवी माणसात धरायची की वेगळी, यावर समितीनं अजून काही ठरवलेलं नाही.