बोडीच्या काठावरचं इंजिन

बाबूजी, तुमच्या लाल दोन सीटच्या गाडीसाठी शेवटी इंजिन निवडायची वेळ आली. मालगुजारांकडून तुम्ही ती घेतली तेव्हा 'धानाच्या बांधीत चालवणार का' म्हणून गावानं थट्टा केली होती, आणि तुम्ही नुसते मिशीत हसला होतात. तुम्ही वारल्यावरही ती गुरांच्या कोठ्यातच उभी होती. आता मी रिटायर झालोय, गुडघे अजून वाकतात, म्हणून गोंदियाच्या एका मिस्त्रीकडे नेली. जीपचं डिझेल इंजिन दणकट, पण वजनानं गाडीचं नाक खाली बसेल, असं तो म्हणाला. त्यापेक्षा भंगारातल्या एखाद्या छोट्या गाडीचं बरं, हलकं आणि सुटे भाग मिळणारं. मला मात्र तिचं स्वतःचंच हवं होतं. त्याच इंजिनावरून मी तुमच्याशी वर्षभर धड बोललो नव्हतो.

त्या वर्षी पावसानं दडी मारलेली, धान निसवायला आलेला आणि शेतातल्या पंपाचं इंजिन बंद पडलेलं. मी कॉलेजातून घरी येतो, तर गाडीचं बॉनेट उघडं आणि आत पोकळी.

"काऊन काढलं?"

"धान मरून राहिला आन् तुले गाडी सुचून राहिली?" तुम्ही मान वर न करता म्हणता.

बोडीच्या, म्हणजे आपल्या शेतातल्या तळ्याच्या काठावर, ओंडक्यांवर ते पंपाला जोडून बसवलेलं. रेडिएटर नाही, बोडीचंच पाणी पाइपानं आत फिरवून ते थंड ठेवायची तुमची युक्ती. राखण माझ्याकडे. चौथ्या दिवशी ते तापून जाम झालं. धान तोवर वाचला होता. 'गाडीची वाट तुम्ही लावली' हे मी पुढं कितीदा तरी ऐकवलं, आणि तुम्ही कधी उलट बोलला नाहीत.

परवा मिस्त्रीनं ते जुनं इंजिन खोललं. आत बोडीचा गाळ विटेसारखा घट्ट, आणि एका बाजूला तडा.

"पाइप के मुँह पे जाली नहीं थी क्या?" त्यानं विचारलं.

"बाबूजी भूल गए होंगे," मी म्हणालो. मग छोट्या गाडीचं इंजिन बघायला सांगून घरी आलो.

जाळी तुम्ही बांधली होती, तारेचे दोन वेढे देऊन. ती सारखी शेवाळानं तुंबायची आणि मला कमरेइतक्या पाण्यात उतरावं लागायचं. कंटाळून तिसऱ्या दिवशी मी ती सोडली आणि काठावर ठेवली. तुम्ही ती तिथं पाहिली असणारच. मला लाज वाटते, पण परवाही मी तुमचंच नाव पुढं केलं. तुम्ही आता जिथं आहात तिथला पत्ता नाही हे एका अर्थी बरं आहे. असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं.