सात थॉमस रीस आणि एक टोपी

ती. थॉमस काकांस,

मॉर्विथचा नमस्कार. तुमचा गुडघा, काकूंचा खोकला आणि तुमच्या चॅपलचा ऑर्गन हे तिघेही आता कमी कुरकुरत असतील अशी आशा आहे. इकडे सगळे क्षेम. मी पदवीधर झाल्यापासून गावातला प्रत्येक अर्ज, तक्रार आणि मृत्युलेख माझ्याच गळ्यात पडतो. (गेल्या महिन्यात एका मेंढीबद्दल खासदारांना लिहिले.)

या वेळी गावच्या रग्बी क्लबाने बाबांच्या आंतरराष्ट्रीय रग्बी कारकिर्दीवर लेख मागितला आहे. देशाकडून खेळणाऱ्याला मिळते ती त्यांची वेल्सची टोपी शनिवारी क्लबात मांडायची आहे. कारकीर्द एका दुपारची, पण सत्य ते सत्य, म्हणून मी सर्वांना विचारले. बाबा म्हणतात, त्यांनी तीन स्कॉटिश गडी आडवे केले. आईच्या मते ते स्वतः तीनदा आडवे झाले. चेंडू त्यांच्याकडे एकदाच आला, तोही नाकावर, आणि तिथून उडून आपल्याच गड्याच्या हातात पडला. त्याने गुण मिळवले. तरी वेल्स हरले. (नाक अजून कार्डिफच्या दिशेला वळलेले आहे.)

मग टोपीच्या डब्यात निवडीचे पत्र सापडले. आपल्या खोऱ्यात तेव्हा सात थॉमस रीस, बाबा आणि तुम्हीही त्यांतलेच, म्हणून पोस्टमन धंद्यावरून माणूस ओळखायचा: दूधवाला रीस, घड्याळवाला रीस, सुतार रीस. (सातवा काहीच करत नाही, त्याला 'नुसता रीस' म्हणतात.) लिफाफ्यावर स्पष्ट लिहिले आहे, 'थॉमस रीस, सुतार'. पण इंग्रजीत. पोस्टमनला वेल्शपलीकडे वाचता येत नव्हते, वाटेत पहिली भेटली ती बाबांची दुधाची गाडी. बाबांनाही इंग्रजी येत नाही, म्हणून आतले पत्र पाद्रीबाबांनी खेळाच्या नावाने नाक मुरडत वाचून दाखवले, बाहेरचे कोणी वाचलेच नाही. बाबा तोवर दोनदाच खेळले होते, तेही पंधरावा माणूस मिळेना म्हणून. खोऱ्याचा खरा खेळाडू तुम्ही, सुतार रीस. आई सांगते, तुम्ही त्या हिवाळ्यात बुटांना तेल लावून पत्राची वाट पाहिलीत, आणि वसंतात कोणाशी काही न बोलता गाव सोडलेत.

मी विद्यापीठात शिकलेले सगळे सत्य घेऊन गोठ्यात गेले. बाबांनी धार संपवून बादली बाजूला ठेवली. मग म्हणाले, "टोपी पहिल्या दिवसापासून माझ्या कानांवर उतरत होती, पोरी. डोकं कोणाचं ते मला तेव्हाच कळलं. पण तोवर माझं नाक मोडलं होतं ना."

तेरा वर्षे त्यांनी ती टोपी घालून कधी कोणाला दाखवली नाही, ते यामुळेच. लेखात मी खरे तेच लिहिणार आहे. बाबांनी हरकत घेतली नाही. एवढेच म्हणाले, "नाक तेवढं माझ्या नावावर राहू दे." शनिवारी तुम्ही याच, आणि टोपी एकदा घालून पाहा.

तुमची,
मॉर्विथ रीस, बी. ए.

ता. क. टोपीसाठी ओकची, पुढे काच असलेली पेटी हवी आहे. तुम्ही गेल्यापासून खोऱ्यात धड सुतार नाही. येताना करून आणाल का? (खरे तर पत्र यासाठीच लिहायला बसले होते.)

ता. क. २. पेटीवर काय कोरायचे विचारल्यावर बाबा म्हणाले, "नुसतं थॉमस रीस. धंदा घालू नकोस, म्हणजे दोघांचंही भागेल." हे नुसत्या रीसच्या कानावर गेले असून तो शनिवारसाठी भाषण पाठ करतो आहे.