ओवून ठेवलेल्या सुया

बाबा,

माझ्या खोलीत येऊ नका. घसा बसलाय, ओरडून सांगता येईना, म्हणून ही चिठ्ठी दाराखालून सरकवतेय. रात्रीपासून ताप आहे, अंग ठणकतंय. सकाळी इस्त्रीखाली अस्तर जळलं, तेव्हा धूर दिसला, पण वास आलाच नाही!

काल ओवून ठेवलेल्या सगळ्या सुया आधी फेकून द्या. मी प्रत्येक दोरा तोंडात ओला करून ओवलाय, आणि तुम्ही कात्री हाताशी असूनही दोरा दातांनीच तोडता. कितीदा सांगितलं!

खोकला आला तर कापडाच्या धुळीवर ढकलू नका. दम लागला तर शिलाई तशीच टाकून शेजारच्या काकूंना हाक मारा.

आत्ता तुम्ही खोकलात. बाबा, धूळच आहे ना ती?