राळेतले डोळे

मुनिरका, दिल्ली
४ नोव्हेंबर १९९६

ती. बाबांस,
उल्काचा शि. सा. नमस्कार.

पाच कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या किड्याचं नाव ठरवून कोणाचं भलं होणार, असं तुम्ही विचारलंत. मला एवढंच कळतं, की ठरवायचं तर खरं ठरवावं.

गुजरातच्या खाणीतल्या, झाडाचा डिंक गोठून दगड झालेल्या राळेच्या खड्यात हा खवलेकीटक अडकलाय. तुम्ही टपालाच्या थैल्यांना लावता ती लाख ज्या किड्याची, त्याचा हा लांबचा भाऊबंद. नर आहे. दोन पंख, दहा पेरांच्या मिशा, आणि तोंडच नाही. मोठा झाला की दोन दिवस उपाशी उडायचं आणि मरायचं.

माझे मार्गदर्शक सर म्हणतात, याला जाळीदार डोळे आहेत, म्हणून ही नवी प्रजाती. मी खडा आणखी घासून, तिरका धरून पाहिला. ते डोळे नाहीत, बुडबुड्यांचा पुंजका आहे. त्याखाली साध्या डोळ्यांची ओळ दिसते. म्हणजे हा जुन्याच, नाव असलेल्या प्रजातीतला. सरांना सांगितलं तर हसून म्हणाले, बेटा, बिल्कुल चुप. गुडगावची एक नवी कंपनी प्रयोगशाळा बांधून देतेय, आणि प्रजातीला मालकाच्या वडिलांचं नाव द्यायचं ठरलंय. सरांच्या लेखासाठी जाळीदार डोळ्यांचं चित्र मी काढायचं; मग लेखावर माझंही नाव, आणि तिथेच नोकरी. नाही म्हटलं तर प्रबंधावर सही नाही.

सील तुटलेल्या थैलीवर गुपचूप नवं सील लावायला पोस्टमास्तरांनी सांगितलं, तेव्हा तुम्ही लावलं नाहीत. रोज तेच आठवतं.

तुमची,
उल्का

अचलपूर
१३ नोव्हेंबर १९९६

चि. उल्कास,
अनेक आशीर्वाद.

तोंड नसलेला नर असतो हे ऐकून तुझी आई म्हणाली, जावई असाच बघा. दोन दिवस हसतेय. लाखेचं वाचून मला तू आठवलीस. पाच वर्षांची असताना वितळलेल्या लाखेत बोट घातलं होतंस.

पण पोरी, ते सील आता विसर. अर्धीच गोष्ट सांगितली मी तुला. त्यापायी माझी बढती सात वर्षं अडली आणि तुझ्या प्रभाताईचं कॉलेज राहिलं. तिने कधी बोलून दाखवलं नाही. थैलीला सील शेवटी दुसऱ्याने लावलंच.

मेलेल्या किड्याला दोन डोळे जास्त काढलेस तर तो तक्रार करायला येणार नाही. चित्र काढून दे. बापाची विनवणी समज.

तुझे,
बाबा

मुनिरका
२० नोव्हेंबर १९९६

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र काल मिळालं. घरातली पहिली पदवीधर म्हणून मी पेढे खाल्ले, तेव्हा ते ताईनेच वाटले होते. तिचं कॉलेज कशाने राहिलं, हे मला कुणी का सांगितलं नाही? तुमच्या त्या अर्ध्या गोष्टीवरच मी वाढले, बाबा.

सरांनी माझ्याकडून प्रयोगशाळेतल्या कपाटाची चावी मागून घेतली. खडाही त्यांच्याकडेच आहे. इथे दिल्लीतच, द्वारकेला एका सोसायटीत शिकवण्या बघतेय.

ताईला हे पत्र वाचू द्या. रागवा, पण पत्र लिहायचं थांबवू नका.

तुमचं पत्र येण्याआधीच, सोमवारी, बुडबुडे बुडबुड्यांसारखेच काढलेलं चित्र मी सरांचा लेख छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना रजिस्टरने पाठवलं आणि लेखातून माझं नाव कमी करायला कळवलं; सरांनाही तसं सांगितलं. गरज नसताना पाकिटाला लाख लावली. बोट पुन्हा भाजलं.

तुमची,
उल्का