मागचे दोन टायर तात्यांचे

३० नोव्हेंबर, रविवार

आन् परत तेच. पुढचे तुमचे, मागचे आमचे. वाटणी होऊन सहा वर्षं झाली तरी तात्या त्याच एका वाक्यावर बसलेत.

गाडी दादा, म्हणजे माझा बाप, आन् तात्या, माझा चुलता, दोघा भावांनी मिळून घेतलेली. परभणीच्या एका मास्तरची, लांब डिक्कीची. शेत फाडता आलं, विहिरीच्या पाळ्या लावता आल्या, म्हशी मोजून घेतल्या. गाडीला काय करवत लावता? तवा पंचातला एक जण हसत हसत म्हणला, पुढची चाकं थोरल्याची, मागची धाकट्याची, ज्याचं झिजंल त्यानं घालावं. तो हसला. हे दोघं न्हाई हसले.

पुढचे लवकर झिजतात हे त्या पंचाला काय मालूम. इंजिन पुढं, ओढ पुढं, वळणं बी पुढच्यालाच. सहा वर्षात आमी दोनदा घातले, तात्यांनी एकदा बी न्हाई. दिवाळीतले तर मीच दिले, माझ्या पगाराचे. आज फोनवर दादा म्हणतात गाडी मागून हालायलीय. तात्यांना बोलले तर त्यांचं एकच, ‘टायरला नक्षी हाय की अजून.’

इतक्या लांब गुजरातात बसून मी काय करू. सुट्टी होती तरी पायीच यार्डाला दोन चकरा मारल्या. मग परत एक.

२ डिसेंबर, मंगळवार

पिकअपच्या सहा खेपा. बंदराच्या गेटवर दीड तास उभा.

मायचा फोन. काल दिपालीला परभणीला दाखवून आणलं म्हणली. दिपाली म्हणजे तात्यांची लेक, आठवा लागलाय. बीपी वाढलंय म्हणून डॉक्टरीण दर सोमवारी बोलवायलीय. काकूचे गुडघे गेलेत, तर सोबत मायच जाते. दादांना खपत न्हाई. ‘त्याची पोरगी, त्याचाच पोरगा डायवर, तू कशाला मधी?’ माय म्हणली, ‘पोरगी काय वाटणीत गेली का?’

मी इचारलं गाडी कशी चालायली. ‘चांगली चालायली.’ लगेच तूर, शेजारच्याचं लगीन, वासराचा पाय. माय कधी इतकं बोलत न्हाई.

५ डिसेंबर, शुक्रवार

कशातच मन लागंना. वापीहून एक जण बोलवायलाय, मोरबीला दुसरा. दोघांना बी येतो म्हणलो, दोन्हीकडं जाणार न्हाई.

खोलीवरचा किसनलाल म्हणतो हेवी लायसन काढ, ट्रेलरवर बस, पगार डबल. त्याच्यासाठी दहा हजार बाजूला काढलेत, हात लावलेला न्हाई. चाचणीचा नंबर वीस तारखेच्या पुढं लागंल. एकदा ट्रेलर हातात आला की मग कोण कुणाचं

भाजी करपली. तशीच खाल्ली.

दिवाळीपासून बालाजीशी बोललो न्हाई. तात्यांचा पोरगा, माझ्याच वयाचा. एका पाटीवर शिकलो, एकाच सालात शाळा सोडली. दिवाळीत मी म्हणलो, गावातच राहतो, गाडी भाड्यानं चालवतो. तात्या म्हणले, बालाजी चालवतोच हाय की. दादा गप बसले. दादा गप बसले म्हणून मी इथं गांधीधामला हाय.

७ डिसेंबर, रविवार

बालाजीचा फोन. आपण होऊन.

‘काय साहेब, गुजरातच्या हवेत भावाचा नंबर उडाला व्हय?’

मी म्हणलो काम बोल. मग बोलला. गेल्या सोमवारी परभणीहून येताना, गंगाखेडच्या पुढच्या वळणावर. उसाच्या ट्रॅक्टरांनी शेतातला काळा चिखल डांबरावर सांडलेला, वर पाटाचं पाणी. पुढं म्हैस आली, यानं ब्रेक दाबला. पुढची चाकं धरून बसली आन् मागचं अंग सगळं फिरलं. गाडी थांबली तर तोंड परत परभणीकडं. मागून ट्रॉली येत होती, ती कशी थांबली ते त्यालाच मालूम न्हाई. मागच्या सीटवर माय आन् दिपाली.

कुणाला खरचटलं न्हाई. दिपाली घर येईस्तोवर पोटावर हात धरून बसली. मोठीमायनं, म्हणजे माझ्या मायनं, दोघांना शपथ घातली. घरी सांगायचं न्हाई, नायतर दोघं भाऊ एकमेकांवर ढकलतील आन् गाडीच इकून टाकतील. मग पोरीला नेणार कशात?

‘तू जोरात होतास.’

‘पस्तीसवर होतो. आईशपथ.’

‘मग तात्यांना सांग की.’

‘सांगितलं तर म्हणतील तुला येत न्हाई, चावी दे. टायरचं नाव निघणारच न्हाई.’ मग म्हणला, ‘उद्या परत न्यायचंय. तू दिवसभर टायरातच असतोस. काय करू ते सांग.’

बालाजीनं मला आजपर्यंत काही इचारलेलं न्हाई. मी म्हणलो उद्या वीसच्या वर जाऊ नको, चिखल दिसला की ब्रेकला पाय लावू नको. बाकी बघून सांगतो.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळपासून मोबाईल बघायलोय. ११ ला बालाजीचा मेसेज, पोचलो. ४ ला, घरी आलो. मधल्या पाच तासात दोनदा चुकीच्या शेडला माल उतरवला, सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या.

संध्याकाळी महबूबचाचाला सगळं सांगितलं. बीदरकडचा माणूस, तीस वर्षं चाकावर. त्यानं पयला सवाल केला, नवे टायर कुठं घातले? मी म्हणलो पुढं.

‘कौन बोला आगे डालो?’

मी वाटणीचं सांगितलं. चाचा इतका हसला की चहाचा ठसका लागला. मग हसायचा थांबला.

‘सुनो मियाँ. आगे का फिसला तो स्टेरिंग बोल देता, तुम ब्रेक छोड को सँभाल लेते. पीछे का फिसला तो किसी कू पूछताच नै. नवी जोडी हमेशा पीछे.’

आन् मला दिवाळीचं दुकान आठवलं. गंगाखेडचा तो मिस्त्री बी हेच म्हणलता. नवे मागं टाकू, मागचे पुढं आणू. दादांनी माझ्याकडं बघितलं, तात्यांनी बालाजीकडं. आन् मी म्हणलो, मीच, छाती काढून, ‘पैसे आमचे हायेत, आमच्या चाकाला घाला.’ मिस्त्रीनं खांदे उडवले आन् जॅक लावला.

पुढं पकड नवी, मागं दगड. म्हणून तर पुढचं थांबलं आन् मागचं

मायला मीच

९ डिसेंबर, मंगळवार

चाचा म्हणला मागच्या टायरवरचं साल बघ, चार आकडे असतात, पयले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. बालाजीला फोटो टाक म्हणलो. त्यानं साईजचा फोटो टाकला. मग कंपनीच्या नावाचा. मग स्वतःच्या चपलेचा.

‘आरं आतल्या बाजूनं असंल, गाडीखाली जा.’

‘नवी प्यांट हाय.’

‘मग लुंगी नेस.’

अर्ध्या तासानं फोटो आला. ३०१७. सन सतराचे. आठ वर्षं. कडंला बारीक चिरा, भेगाळलेल्या टाचेवानी. नख रुतंना म्हणला.

नक्षी अजून हाय म्हणून तात्या खोटं बोलत न्हाईत. झिजलेच न्हाईत, निस्ते वाळलेत. चाचाला दाखवलं. ‘बाल काला देखको उमर नको बोलो, खिजाब बी रहता.’ खिजाब म्हणजे केसाचा कलप. मी इचारलं, हेच पुढं घेतले तर? फुकटात काम होईल. ‘नै. इसकू आगे बी नको, पीछे बी नको. झाड कू झूला बाँधो, बच्चे खेलते.’

म्हणजे नवी जोडी लागणारच. आन् ती मागं. तात्यांच्या चाकाला.

११ डिसेंबर, गुरुवार

कोणते घ्यायचे यावर तीन दिवस फोनवर भांडण. खरं सांगायचं तर बालाजीशी भांडून बरं वाटायलंय.

किसनलाल म्हणतो जुन्यावरच रबर चढवलेले घ्या, नवी नक्षी अर्ध्या पैशात. चाचा म्हणला, माल लादा तो चलता, पेट वाली बैठी तो नै. तो इषय तिथंच संपला.

बालाजीला जाड पाहिजेत, कडक. शेताच्या वाटंला दोन्ही अंगानं वेडी बाभळ, महिन्याला दोन पंक्चर. डिक्कीत कापूस दाबून भरला की मागं वजन बी लय येतंय. त्याचं बी खोटं न्हाई. मला मऊ रबराचे पाहिजेत, वल्ल्यात धरणारे. तो म्हणला, ‘तू तिथं डांबरावर फिरतोस, काटे माझ्या पायात.’ मी म्हणलो, ‘तुला काट्याचंच पडलंय.’ तो म्हणला, ‘पंक्चर तुझा बाप काढतो का?’ मी म्हणलो, ‘माझा बाप पुढचीच काढतो, मागची तुझा.’ मग दोघं बी हसलो, लय हसलो.

चाचा शेजारी बसून ऐकायलता. फोन मागून घेतला. ‘बेटा, खेत में पंचर हुआ तो क्या करते?’

‘उतरून स्टेपनी टाकतो.’

‘और वो मोड पे फिरी तो?’

मग बालाजी म्हणला, बरं, मऊ घ्या. कापूस बैलगाडीनं नेऊ.

१२ डिसेंबर, शुक्रवार

चोरून कशाला म्हणून तात्यांना सरळ फोन लावला. म्हणलो मागचे दोन मी घालतो.

‘कामून? आमी मेलो का?’

‘तसं न्हाई तात्या, साल जुनं झालंय.’

‘साल तर माझं बी जुनं झालंय. मला बी बदल. तू तिकडं बसून आमची चाकं मोजायलास? आज टायर तुमचे, उद्या म्हणाल गाडी तुमची.’

त्या वळणाचं पार जिभंवर आलतं. मायची शपथ. गिळलं.

मग दादा. दादांचा आवाज त्याहून थंड. ‘त्याच्या वाटणीत आपला रुपया जाणार न्हाई. आपण दोनदा घातले तवा तो आला होता का?’

‘दादा, मागं माय बसते.’

‘नको बसू म्हण.’

ठेवला. दहा मिनिटांनी दादांचाच परत आला. ‘मायचं कामून काढलंस? काय झालंय?’

‘काय न्हाई. असंच.’

‘असंच?’

लाईन चालूच होती. मागं म्हशीच्या साखळीची खळखळ ऐकू येत होती. मग त्यांनीच ठेवला.

१३ डिसेंबर, शनिवार, दुपार

जेवायच्या सुट्टीत लिहायलोय, पिकअपच्या बॉनेटवर. बॉनेट तापलंय, पेन चालंना.

सकाळी फोन आला तर बालाजीचा नंबर आन् आवाज दिपालीचा. तिला टायरचं सगळं मालूम झालंय, घरात कालपासून तेच चालू हाय. ‘भाऊ, तुमी नका भांडू. मी सोमवारी येष्टीनं जाते. मोठीमाय संगं हाय.’

आठव्या महिन्यात, बीपी घेऊन, सोनपेठहून येष्टीनं. उभ्यानं, न्हाईतर मागच्या सीटवर आदळत. ‘बालाजीला दे’ म्हणलो.

बालाजी दुकानात जाऊन आलाय. मऊवाले हायेत, यंदाचेच, साल त्यानं स्वतः वाचलं, ह्या वेळंला चपलेचा फोटो न टाकता. दोन टायर, व्हॉल्व, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून आकडा सांगितला. उद्या रविवार, दुकान दुपारपर्यंतच. तात्यांना सांगणार, लग्नाच्या भाड्यातून बसवले.

‘तात्या मानतील?’

‘मानतील न्हाई मानतील, टायर तर बसलेले असतील.’

‘दादा वाकून बघतात रं.’

‘बघू दे. मला इचारलं तर मी तात्यांकडं बोट दाखवीन. तात्यांना इचारणारच न्हाईत, सहा वर्षं बोललेत कुठं सरळ?’ मग हळू म्हणला, ‘आन् कळलंच, तर कळू दे. लय तर काय, गाडी इकतील. तोवर पोरगी तर बाळंत झालेली असंल.’

मी म्हणलो मागंच बसव. मिस्त्री पुढं म्हणला, तात्या पुढं म्हणले, दादा उभे राहिले, तरी मागंच. व्हय म्हणला. पण त्याच्या व्हय म्हणण्यात जरा

किसनलालला सांगितलं ट्रेलरच्या चाचणीचं या खेपेला जमंना. वेडा हाईस म्हणला. असंल.

दादांचा एक मिसकॉल हाय, साडेबाराचा. अजून लावला न्हाई. काय सांगू ते ठरंना. आदी पैसे टाकले, बालाजीच्या नंबरावर, दादांच्या न्हाई. नऊ हजार दोनशे.