अध्यक्षांच्या चिंबोऱ्या

पेण, मंगळवार

प्रिय सावनी,

फोन न करता पत्र पाठवते आहे म्हणून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. पेणहून रोह्याला पत्र पोचायला किती दिवस लागतात याचा अंदाज राहिलेला नाही, म्हणून आजच टाकते. फोनवर बोलले असते, पण तुझे बाबा दिवसभर माझ्यापासून तीन फुटांवर पेपर वाचत असतात, आणि आज लिहायचं आहे ते त्यांच्याचबद्दल. थोडं माझ्याहीबद्दल. मला एक कबुली द्यायची आहे.

तू जूनमध्ये कॉलनीच्या ग्रुपवर गच्चीवरच्या टाकीचं झाकण तुटल्याचं लिहिलंस, बाबांनी ते पुसलं. तू परत लिहिलंस, त्यांनी परत पुसलं आणि पोटच्या पोरीला ग्रुपमधून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून रोह्याला गेलीस. तुझी धाटावची कंपनी तिथून जवळ पडते, असं मी शेजाऱ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्यानंतर बाबांचा हात आणखीच सैल सुटला. तीस वर्षं हेडमास्तर आणि आता कॉलनीचा अध्यक्ष असलेल्या माणसाला फळा पुसायची सवय असते गं. पाणी गढूळ आलं, कोणी फोटो टाकला, पुसला. खाली एकच ओळ: 'सभासदांनी सलोखा राखावा. – अध्यक्ष.'

एकदा तू जेवताना सांगितलं होतंस ते मला तेव्हा आठवलं. चुकलं असेल तर दुरुस्त कर. चीनमध्ये सरकारला न रुचणारा मजकूर नेटवरून काढतात, तो 'सुसंवादा'साठी काढला असं म्हणतात, आणि त्यांच्या भाषेत सुसंवाद आणि नदीतला खेकडा हे शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात. म्हणून कोणाचं लिहिणं गायब झालं की लोक म्हणतात, माझ्या लिहिण्याचा खेकडा झाला. पोलिसांनी चौकशीला बोलावलं तर 'चहाला बोलावलं' म्हणतात. तू हसत होतीस, बाबा भात कालवत होते, त्यांचं लक्षच नव्हतं. माझं होतं.

तर जुलैत वरच्या मजल्यावरच्या हैबतरावांचा गढूळ ग्लासाचा फोटो पुसला गेला, तेव्हा मी, वत्सलाबाई, निवृत्त शिक्षिका, ग्रुपवर लिहिलं, 'आज परत चिंबोरी.' आपल्याकडे खेकड्याला चिंबोरीच म्हणतात ना! पाच मिनिटांत हैबतरावांचा मेसेज आला, 'बाई, कुठं गावली? आमच्या कोळणीकडं दोन दिवस मावरंच नाय आलं.' मग जिन्यात गाठून त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. त्यांना ते इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांना कळलं. मग काय विचारतेस. सकाळी सातला 'दोन चिंबोऱ्या', दुपारी 'आज टोपलीभर'. ज्याला बाबा समजूत घालायला घरी बोलवत, तो आधीच लिहून ठेवी, 'मला चहा आला बरं का.' तो चहा मीच करत होते, आणि कप पुढे करताना पाहुण्याच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते.

बाबा खूश. तक्रारी थांबल्या, लोक खाण्यापिण्याचं बोलायला लागले. फक्त एकदा मला म्हणाले, "अगं, तूही चिंबोऱ्यांबद्दल लिहितेस. लोकांना वाटेल आपण खातो." आणि श्रावण लागला तशी त्यांनी सूचना काढली, 'पवित्र महिन्यात सभासदांनी चिंबोऱ्यांचा उल्लेख टाळावा.' मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसले. सावनी, लग्नाला छत्तीस वर्षं झाली, इतकी मजा मला कधी आली नव्हती. हे कबूल करायला लाज वाटते, पण तसं आहे.

मग एके दिवशी हैबतराव स्वतःच चहाला आले आणि बिस्किट बुडवता बुडवता बोलून गेले, "अध्यक्ष, तुमी पुसलं की आमी त्याला चिंबोरी म्हणतो, एवढंच हाय. राग मानू नका." बाबांनी राग मानला नाही. कोणी सुरू केलं, तेही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांना प्रत्येक शब्दात चिंबोरी दिसायला लागली. कोणी 'शुभ सकाळ' लिहिलं तरी दोनदा वाचत.

तळमजल्यावरच्या इंदुबाई तुला माहीत आहेत. त्यांना यातलं काही कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्या ग्रुपवर कधी लिहीतच नाहीत. गेल्या महिन्यात त्या पापड वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि खाली येऊन आयुष्यातला पहिला मेसेज लिहिला: 'टाकीत कबूतर हाय. मेलेलं हाय. वास मारतोय. कोनीतरी काढा त्याला.'

ग्रुपवर हसण्याची नुसती रांग लागली. सगळ्यांना वाटलं, चिंबोरीनंतर आता कबूतर आलं, म्हणजे अध्यक्षच. कोणी लिहिलं, 'निवडणूक येऊ द्या, काढू.' बाबांनाही तेच वाटलं. त्यांनी तो मेसेज पुसला आणि दिवसभर जेवले नाहीत. आणि मलाही तेच वाटलं, सावनी. ज्या बाईने हे सगळं सुरू केलं तिलाही वाटलं नाही की कोणी कबुतराला कबूतर म्हणत असेल. दोन दिवस आम्ही सगळे तेच पाणी वापरत होतो. आमच्याकडे निदान फिल्टर आहे. इंदुबाई पिण्याचं पाणी विहिरीवरून आणायच्या, पण डाळ-तांदूळ धुवायला, भांडी विसळायला नळाचंच. तिसऱ्या दिवशी त्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. दवाखान्यात सलाईन लावलं. मी भेटायला गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, मी सांगितलं तर समदी हसली का गो?"

घरी येऊन मी बाबांना सरळ सांगितलं, टाकीत खरोखरच कबूतर आहे. चिंबोरी माझी, हेही सांगितलं. त्यांनी चप्पल घातली, शिडी घेतली, सदुसष्टाव्या वर्षी टाकीवर चढले आणि हाताने ते कबूतर काढलं. त्या झाकणाच्या तुटक्या कडेवर हात ठेवून बराच वेळ तिथेच बसून राहिले. मी खालून शिडी धरून उभी होते. आता टाकी धुतली, नवं झाकण बसलं, इंदुबाई घरी आल्या. बाबांनी त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली. इंदुबाई म्हणाल्या, "मास्तर, बसा, पापड भाजते."

आता या पत्राचं कारण. चार दिवस ते फोन घेऊन गॅलरीत बसतात. काहीतरी लिहितात आणि पुसतात. काल मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मागे जाऊन पाहिलं. वर तुझं नाव होतं, खाली लिहिलं होतं, 'चुकलो बाळा.' माझ्यासमोर त्यांनी ते पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. तुला ते कधीच येणार नाही, म्हणून मी लिहून कळवते आहे. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने ते रोह्याला येणार आहेत. मला सांगितलंय की कोणा जुन्या शिक्षकाला भेटायचं आहे. रोह्यात त्यांचा कोणी जुना शिक्षक नाही. स्टेशनवर जा. ते तुझ्या घरापर्यंत येणार नाहीत, बाकावर बसतील आणि परतीच्या गाडीने निघून येतील. तू त्यांना आधी हाक मार.

तुझीच, आणि या वेळी त्यांच्याही बाजूची,
आई