तांबडदाणी ज्वारीची कणसे देण्यास नकार

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
बियाणे संग्रह कोठी, अकोला.

विषय : परसातील कणसे सरकारजमा न करणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. १० ऑक्टोबर १९६६.

महोदय,

१. 'कोठीने जतन केलेल्या' तांबडदाणी ज्वारीची सर्व कणसे प्रदर्शनासाठी जमा करावीत, असा आपला हुकूम पोचला. जतन हा शब्द आपल्या अगोदरचे अधीक्षक केशवराव यांचा. तो आपण वापरू नये.

२. केशवराव पाच वर्षांपूर्वी आमच्या गावी आले. दर्यापूरकडच्या खाऱ्या जमिनीत हीच ज्वारी तग धरते. ते म्हणाले, "नवी बियाणी येत आहेत, जुने वाण नाहीसे होतील. थोडे बी आमच्याकडे ठेवा. कोरडे ठेवू, अधूनमधून पेरून ताजे करू. गावचे बी बुडाले, तर येथून घेऊन जा." आम्ही विश्वासाने दिले.

३. गतवर्षी पावसाने दगा दिला. उभे पीक करपले आणि घरोघरचे बियाणे पोरांच्या पोटी गेले. म्हणून मी मृगापूर्वी कोठीत आलो. आपण म्हणालात, "ते जुने दाणे कोंबड्यांना घातले. एक ज्वारी गेली म्हणून देश बुडत नाही." आपल्या कोंबड्या पुष्ट दिसल्या, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. आपल्या कारकिर्दीतले दुसरे काही दिसले नाही.

४. कोठीत झाडलोट करणाऱ्या सत्यभामाबाईंनी रिकाम्या डब्याच्या खाचेतले दाणे काडीने टोकरून माझ्या रुमालात बांधले. म्हणाल्या, "घेऊन जा भाऊ, साहेबाच्या कोंबड्याइले हे दिसले नाई." माझी पत्नी दुर्गाबाई हिने ते परसात टोबले. बरेच उगवलेच नाहीत. उगवले त्यांना तिने पिण्याच्या पाण्यातले पाणी घातले. पहिले कणीस निसवले, तेव्हा ती ज्वारीच्या ताटाला धरून उभीच राहिली.

५. ही कणसे प्रदर्शनात मांडून आपणांस बढती हवी असल्यास ती अन्य मार्गाने मिळवावी. हा दाणा पुढच्या मृगात गावाच्या शेतात पडेल. जप्ती आणावयाची असल्यास ज्वारी ओळखणारा माणूस सोबत आणावा. दुर्गाबाई दारातच बसलेली असते.

६. एकाच गावात सगळे बी ठेवणे धोक्याचे, हे केशवरावांचे म्हणणे मला आजही पटते. यास्तव पुढील पिकातला वाटा मी स्वतः कोठीत आणून देईन. मात्र आपली बदली झाल्यावर. तारीख कृपया कळवावी.

उत्तराची वाट पाहणारा,
देवमन पुंजाजी तायडे
मु. पिंपळखेड, ता. दर्यापूर, जि. अमरावती
दि. १८ ऑक्टोबर १९६६